जुन्या पंख्याच्या प्रवासी विमानांचे नाक क्रूझमध्ये किती वर असावे?

चौइंजिनी

नमस्कार. सिम्युलेटरवर जुनी पंख्याची प्रवासी विमाने उडवणारे आपल्यात बरेच जण आहेत, म्हणून क्रूझचा, म्हणजे ठरलेल्या उंचीवरील स्थिर सपाट उड्डाणाचा, हा प्रश्न येथे मांडत आहे.

सध्या मी डग्लसचे चार इंजिनांचे डीसी-6बी उडवत आहे. टाक्या जवळपास भरलेल्या, आसने भरलेली, उंची 22,000 फूट, ऑटोपायलट लावलेला आणि इंजिनांची शक्ती तक्त्याप्रमाणे ठेवलेली, अशा स्थितीत वजन सुमारे 1,00,000 पौंड असते आणि इंडिकेटेड (काट्यावर दिसणारा) वेग 165 नॉटच्या आसपास स्थिरावतो. सगळे स्थिरस्थावर झाल्यावरही विमान साडेतीन अंश नाक वर ठेवूनच चालत राहते, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर ते अजून चढतच आहे असा भास होतो. याउलट 1950 च्या दशकातील जाहिरातींत आणि मासिकांत जी छायाचित्रे मी पाहिली आहेत, त्यांत डीसी-6 आणि कॉन्स्टेलेशन ही विमाने अगदी क्षितिजाला समांतर चाललेली दिसतात.

माझे मत असे झाले आहे की हे फ्लाइट मॉडेल (विमानाच्या उडण्याचे गणित) करणाऱ्यांनी पंखाची लिफ्ट (उचल) कमी धरली आहे. फाइलमधील क्रूझ लिफ्ट स्केलर (लिफ्ट कमीजास्त करणारा गुणक) थोडा वाढवला की नाक खाली येते, हे मी करून पाहिले आहे. तरी कायमचा बदल करण्यापूर्वी जाणकारांचे म्हणणे ऐकावे असे वाटले. खऱ्या विमानात हा कोन किती असे?

भूचर

साडेतीन अंशांच्या उतारावर हवाईसुंदरीची ट्रॉली मागच्या स्वच्छतागृहापर्यंत आपोआप पोचत असणार. सेवेचा वेग वाढवण्याची ही योजना दिसते.

फावल्या_वेळेतला_वैमानिक

मी चौइंजिनी यांच्याशी सहमत आहे. विकत घेतलेल्या आणि फुकट मिळालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या जुन्या विमानांत हाच अनुभव येतो. एखादे नाक वर करून चालते, तर एखादे खाली घालून. बनवणारे लोक कमाल वेग आणि चढण्याचा दर तक्त्याशी जुळवतात, आणि नाकाचा कोन मात्र जसा येईल तसा सोडून देतात. केबिनची जमीन क्रूझमध्ये साधारण सपाट राहावी अशाच बेताने विमानाचे पंख धडाला बसवलेले असतात, एवढी साधी गोष्ट लक्षात घेतली तरी साडेतीन अंश हे चूकच ठरतात.

त्रैराशिक

फाइलला हात लावण्यापूर्वी थोडे गणित करावे अशी विनंती आहे, कारण चौइंजिनी यांनी दिलेल्या आकड्यांतच उत्तर दडलेले आहे.

सरळ आणि सपाट उड्डाणात लिफ्ट वजनाइतकीच असते. ती पंखाचे क्षेत्रफळ, हवेचा गतिजन्य दाब आणि लिफ्ट गुणांक या तिघांच्या गुणाकारातून येते. गतिजन्य दाब काढण्याची सोपी रीत अशी की इंडिकेटेड वेग नॉटमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्याला 295 ने भागावे. उत्तर दर चौरस फुटाला पौंडांत मिळते. डीसी-6बीच्या पंखाचे क्षेत्रफळ 1,463 चौरस फूट आहे. 1,00,000 पौंड वजनाला दर चौरस फुटावर 68 पौंडांहून थोडा अधिक भार येतो, आणि 165 नॉटला दाब 92 च्या आसपास भरतो. म्हणजे लिफ्ट गुणांक 0.74 लागतो. हा क्रूझचा आकडा नव्हेच; एवढा गुणांक सहसा विमान वेग कमी करून उतरण्याच्या तयारीला लागते तेव्हा पाहायला मिळतो.

आता हेच विमान 90,000 पौंड वजनाचे आणि 190 नॉट वेगाचे घ्या. दाब 122, भार साडेएकसष्ट, आणि गुणांक 0.50. दोहोंत 0.24 चा फरक पडला. डीसी-6बीच्या पंखाची लांबी साडेएकशेसतरा फूट असल्याने त्याचे आस्पेक्ट रेशो (लांबी-रुंदीचे प्रमाण) नऊच्या वर जाते, आणि अशा पंखाचा लिफ्ट गुणांक अँगल ऑफ अटॅकच्या (पंख आणि समोरून येणारी हवा यांतील कोनाच्या) प्रत्येक अंशामागे साधारण 0.09 ने वाढतो. म्हणजे नुसते वजन आणि वेग बदलल्याने अडीच अंशांहून जास्त फरक पडतो. तुमचे साडेतीन अंश एका अंशाच्या आत येतात, तेही फाइलमधील एक अक्षर न बदलता.

मॉडेल बरोबर आहे असे मी म्हणत नाही. मात्र ते चुकीचे आहे हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

फावल्या_वेळेतला_वैमानिक

त्रैराशिक यांच्या हिशेबात पंखाला दिलेला पीळ धरलेला नाही, पंख धडाला किती अंशांनी बसवला आहे तेही धरलेले नाही, आणि ज्या कोनाला लिफ्ट शून्य होते तो कोनही त्यात नाही. एवढे सोडल्यावर उरलेल्या गणिताला कितपत किंमत द्यावी?

त्रैराशिक

प्रश्न रास्त आहे. धडाचा कोन नेमका किती, हे काढायचे असेल तर तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी लागतात. पण दोन स्थितींमधला फरक काढायचा असेल तर त्या दोन्ही बाजूंना सारख्याच असल्याने वजाबाकीत उडून जातात, आणि केवळ दर अंशी वाढ तेवढी उरते. म्हणूनच मी अडीच अंशांच्या फरकाबद्दल बोललो आणि मूळ कोनाबद्दल जपून राहिलो.

लक्षात ठेवायला दोन ठोकताळे सांगतो. डीसी-6बी 190 नॉटवर असताना सुमारे 16,000 पौंड वजनामागे नाक एक अंश हलते. आणि 90,000 पौंड वजन कायम ठेवून वेग 190 वरून 175 वर आणला, तर त्या 15 नॉटांतच तोच एक अंश पुरा होतो. इंधन ताशी दोन-सव्वादोन हजार पौंड जळत असल्याने वजनामुळे पडणारा एक अंशाचा फरक दिसायला सात-आठ तास जावे लागतात. वेगाचा फरक मात्र पाच मिनिटांत दिसतो. नाकाच्या कोनाबद्दल तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी वेगाच्या काट्याकडे पुरेसे पाहिलेले नसते, असे माझे निरीक्षण आहे.

हँगर_नंबर_दोन

माझी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे जमिनीवरून दोन शब्द.

विमानाला सपाट कधी म्हणायचे, हे आकाशात ठरत नाही, ते हँगरमध्ये ठरते. विमानाचे वजन करायचे असते तेव्हा ते जॅकवर घेतात आणि निर्मात्याने नेमून दिलेल्या खुणांवर पाणसळ किंवा ओळंबा लावून समतल करतात. पुष्कळ विमानांत त्यासाठी आसनांच्या रुळांचाच आधार घेतात. डाकोटा या जुन्या दोन इंजिनांच्या विमानाची तर शेपूट उचलून धरावी लागते, कारण जमिनीवर ती नाक वर करूनच उभी असते. याच खुणांच्या रेषेपासून पुढे सगळे कोन मोजले जातात. सिम्युलेटरमधील विमानाला ही रेषा कोणी दिली आणि ती 3डी मॉडेलच्या रेषेशी जुळते की नाही, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

दुसरे असे की कॉकपिटमधील कृत्रिम क्षितिजावर विश्वास ठेवून नाकाचा कोन सांगू नये. त्या काळच्या यंत्रात छोट्या विमानाची जी आकृती असते, ती खाली दिलेल्या खुंटीने वरखाली करता येते. क्रूझमध्ये विमान स्थिरावले की वैमानिक ती आकृती क्षितिजाच्या पट्टीवर आणून ठेवत. त्यामुळे यंत्र शून्य दाखवत असताना धड दोन अंश वर असू शकते, आणि त्यात कोणाचीही फसवणूक नसते.

पंख धडाला किती अंशांनी बसवायचा, याचे टोकाचे उदाहरण पाहायचे असेल तर आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीचे व्हिटली हे बॉम्बफेकी विमान पाहावे. त्याचा आराखडा आधी फ्लॅपशिवाय (उतरताना लिफ्ट वाढवणाऱ्या पंखाच्या झडपांशिवाय) केलेला असल्याने उतरताना सोय व्हावी म्हणून पंख साडेआठ अंशांवर बसवला होता. परिणामी वेगात असताना ते नाक चांगलेच खाली घालून उडे. प्रवासी विमानात असे केले असते तर पुढच्या रांगेतील मंडळी मागच्यांच्या सामानासह कॉकपिटमध्ये जमा झाली असती.

भूचर

म्हणजे माझ्या ट्रॉलीसाठी व्हिटली अधिक सोयीचे होते, फक्त दिशा बदलली असती.

सोनेगाव_टॉवर

डाकोटाचा विषय निघाला म्हणून लिहितो. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री आमच्या नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्या सेवेतील डाकोटांची आठवण म्हणून मी सिम्युलेटरवर नागपूर ते मुंबई ही फेरी रात्री करत असतो.

डाकोटाचे पंख 987 चौरस फुटांचे. त्रैराशिक यांच्या रीतीने 25,000 पौंड वजन आणि 130 नॉट वेग घेतला तर गुणांक 0.44 येतो, टपाल उतरवून आणि इंधन जाळून वजन 21,000 वर आले की तो 0.37 होतो. म्हणजे जाताना आणि येताना पाऊण अंशाचाच फरक. माझ्या विमानात तो तेवढाच दिसतो आणि नाक क्षितिजाच्या जेमतेम वर राहते, त्यामुळे या मॉडेलबद्दल माझी तक्रार नाही.

मात्र डाकोटाच्या बाबतीत डोळा फार फसतो असे मला वाटते. जमिनीवर ती 11-12 अंश नाक वर करून उभी असते, आणि प्रवाशाला आपल्या आसनापर्यंत अक्षरशः चढ चढून जावे लागे. टॅक्सी करताना आपला डोळा त्या कोनाला सरावतो. मग उड्डाणाच्या धावेत शेपूट उचलली गेली की विमान पालथे होत आहे की काय असे वाटू लागते, आणि पुढे क्रूझमध्येही बराच वेळ नाक खाली असल्याचा भास राहतो. एका परिचितांनी याच भासापायी फाइलमधील स्टॅटिक पिच बदलला होता. तो आकडा केवळ जमिनीवर उभे असतानाच्या कोनासाठी असतो. हवेत त्याचा काडीचाही संबंध नाही. परिणाम एवढाच झाला की सिम्युलेटर सुरू होताच विमान हवेत उसळून पुन्हा चाकांवर आदळू लागले.

टोरांटोकर

कॉकपिटमधून क्षितिजाकडे पाहून नाकाचा कोन ठरवणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे, जो अद्याप कोणी मांडलेला नाही. उंचावरून दिसणारे क्षितिज खऱ्या समतल रेषेच्या खाली असते, कारण पृथ्वी गोल आहे. 20,000 फुटांवर हा झुकाव सव्वादोन अंशांहून अधिक भरतो. समोरच्या काचेतून पाहणाऱ्याला धड पूर्णपणे सपाट असतानाही नाक क्षितिजाच्या सव्वादोन अंश वर दिसणार. जितके उंच जाल तितका हा भास वाढत जातो, आणि चौइंजिनी तर 22,000 फुटांवर आहेत.

बाजूने घेतलेल्या बाहेरच्या दृश्याला मात्र हा मुद्दा लागू होत नाही, कारण तेथे क्षितिजाची रेषा खाली सरकली तरी आडवीच राहते. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर वापरत असाल तर डेटा आउटपुटमध्ये पिच (नाकाचा कोन) आणि अँगल ऑफ अटॅक हे दोन्ही आकडे वेगवेगळे पडद्यावर आणता येतात. मी तेच पाहतो आणि काचेबाहेर केवळ ढग पाहायला बघतो.

चौइंजिनी

सर्वांचे आभार. साडेतीन हा आकडा मी पडद्यावरील अंकांतून घेतला होता, काचेतून नव्हे. त्यामुळे टोरांटोकर यांचा झुकावाचा मुद्दा माझ्या आकड्याला लागू नाही, पण कॉकपिटमधून विमान एवढे उताणे का वाटते ते त्यावरून कळले.

छायाचित्रांचे काय, हा माझा प्रश्न मात्र अजून उभाच आहे. त्यांत विमान सपाट दिसते, ते कसे?

मीनाक्षी_डी

छायाचित्रण हा माझा व्यवसाय असल्याने या प्रश्नावर लिहिण्याचा थोडा अधिकार सांगते.

जाहिरातीसाठी घेतलेल्या हवाई छायाचित्रातील विमान बहुधा कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले असते. त्यात प्रवासी नसतात, सामान नसते आणि इंधनही कामापुरतेच असते. रिकाम्या डीसी-6बीचे वजन 55,000 पौंडांच्या थोडे वर जाते. थोडे इंधन आणि चालक धरून ते 65,000 पौंड समजू. कॅमेऱ्याचे विमान संथ असल्याने वेगही कमी, 170 नॉट धरू. त्रैराशिक यांच्या रीतीने मी हिशेब केला तर गुणांक 0.45 आला, म्हणजे त्यांच्या 190 नॉटच्या क्रूझपेक्षाही कमी. वेग कमी असूनही विमान सपाट दिसते, ते ते हलके आहे म्हणून. प्रवाशांनी भरलेल्या विमानाचे हवेत घेतलेले छायाचित्र मिळणे मुळातच दुर्मीळ, कारण तिकीट काढलेल्या प्रवाशांना घेऊन कॅमेऱ्याच्या विमानाशेजारी उडायला कोणती कंपनी तयार होईल?

शिवाय छपाईच्या वेळी चित्र कापताना ते किंचित फिरवण्याची पद्धत होती आणि आजही आहे. पार्श्वभूमीला ढग असले आणि क्षितिज नसले, तर चित्र तीन अंश फिरवल्याचे कोणाच्या बापाला कळणार नाही. चढते विमान प्रगतीचे वाटते म्हणून नाक वर करून छापलेली चित्रेही मी पाहिली आहेत. सिम्युलेटरच्या बाहेरच्या कॅमेऱ्यातही झूम कमी करून विमानाजवळ गेलात की कडांना आकार ताणला जातो. कोन मोजायचा असेल तर कॅमेरा दूर नेऊन झूम वाढवावा आणि विमान बरोबर चौकटीच्या मध्यावर घ्यावे.

बोगमाळो

मूळ प्रश्नात कॉन्स्टेलेशनचाही उल्लेख आहे, म्हणून गोव्याहून लिहितो. आमच्याकडे दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात एक सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभे आहे. ते आधी एअर इंडियाचे होते, मग हवाई दलात गेले आणि शेवटी नौदलाकडे आले. ज्यांना नाकाच्या कोनावर वाद घालायचा आहे त्यांनी एकदा त्याच्या बाजूला उभे राहून त्यावर सरळ रेष शोधून दाखवावी. नाक खाली झुकलेले, पाठ फुगलेली आणि शेपटीकडचा भाग पुन्हा वर गेलेला. पंखाच्या मुळाशी पाहिले तर पंखाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा वर आहे हे उघड्या डोळ्यांनी कळते, पण ती कोणाच्या तुलनेत वर आहे हे सांगता येत नाही, कारण तुलनेसाठी धडच सरळ नाही.

या बाकाची कारणे सर्वांना माहीत असतीलच. पंखे पंधरा फुटांच्या आसपास व्यासाचे, त्यामुळे विमान उंच उभे करावे लागले. नाक खाली आणल्याने पुढच्या चाकाचा पाय थोडा आखूड ठेवता आला, आणि शेपूट वर नेल्याने ती पंख्यांच्या झोतातून बाहेर राहिली. दिसायला देखणे, पण करणाऱ्याला महाग, कारण धडाचा घेर जागोजागी बदलत जातो. डीसी-6चे धड मधे सरळ नळीसारखे असल्याने डग्लसला ते लांबवून 6बी आणि पुढे डीसी-7 करणे सोपे गेले.

1948 च्या जूनमध्ये मलबार प्रिन्सेस मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले ते एल-749 कॉन्स्टेलेशन. तो मार्ग मी सिम्युलेटरवर उडवतो आणि बाहेरून पाहिले तर नाकाकडे पाहणाऱ्याला विमान उतरत आहे असे वाटते, शेपटीकडे पाहणाऱ्याला ते चढत आहे असे वाटते. कॉन्स्टेलेशनसाठी डोळ्यावर अजिबात जाऊ नये. मधल्या भागातील खिडक्यांची रांग घ्यावी आणि तेवढीच मोजावी.

जुनी_घडी

वरील सर्व गणित वाचले, पण एका गोष्टीचा उल्लेख कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते. पिस्टन इंजिनांच्या काळातील वैमानिक विमान पायरीवर चढवण्याबद्दल बोलत. ठरलेल्या उंचीच्या शे-दोनशे फूट वर जायचे, मग हलकेच खाली येत वेग मिळवायचा, आणि त्या वेगातच विमान सपाट करायचे. असे केले की विमान नाक खाली घेऊन त्याच शक्तीत अधिक वेगाने चालते आणि न केल्यास शेपूट ओढत बसते, असे ते सांगत. सिम्युलेटरमध्ये ही पायरी बहुधा घातलेलीच नाही, आणि चौइंजिनी यांची अडचण तीच आहे असे मला वाटते.

त्रैराशिक

जुनी_घडी यांच्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. एकाच वजनाला, एकाच शक्तीत आणि एकाच उंचीवर विमान स्थिर वेगाने कायम चालेल असे दोनच वेग असतात, एक शक्तीच्या आलेखाच्या पुढच्या (जास्त वेगाच्या) बाजूला आणि दुसरा मागच्या (कमी वेगाच्या) बाजूला. मागच्या बाजूचा वेग अस्थिर असतो. त्यावर विमान स्वतःहून टिकून राहत नाही. पुढच्या बाजूला मात्र वरून आलात काय किंवा खालून आलात काय, थांबण्याची जागा एकच. तेथे गुप्त पायरी नाही.

हँगर_नंबर_दोन

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते. स्थिर अवस्था एकच हे मान्य. पण तेथे पोचायला किती वेळ लागतो? जड विमान, बरीच उंची आणि चढाईनंतर लगेच कमी केलेली शक्ती, असे तिन्ही योग जुळले की वेग वाढवायला जोरच उरत नाही. 150 नॉटवरून 180 वर जायला पाऊण तास लागला तर तो पाऊण तास वैमानिक नाक वर करूनच काढणार, आणि मग वरून खाली येऊन वेग मिळवणाऱ्या सहकाऱ्याचे विमान त्याला वेगळ्याच पायरीवर चढलेले वाटणार. म्हणून उंची गाठल्यावर चढाईची शक्ती तशीच ठेवून क्रूझचा वेग येऊ द्यायचा आणि त्यानंतरच इंजिने क्रूझला आणायची, ही पद्धत शहाणपणाची होती, मग तिला कोणी काहीही नाव देवो.

सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलट उंची पकडतो, आपण लगेच थ्रॉटल मागे घेतो आणि चहा करायला जातो. परत येऊन पाहावे तर नाक चार अंश वर.

जुनी_घडी

एवढे मान्य करतो. मात्र पायरी हा शब्द मी सोडणार नाही.

टोरांटोकर

शक्तीचा विषय निघाला आहे तर तेथेही एक खाचखळगा आहे. ही विमाने नुसत्या मॅनिफोल्ड दाबावर (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबावर) चालवली जात नसत. टॉर्कमीटरवरून बीएमईपी (सिलिंडरमधील सरासरी परिणामकारक दाब) वाचायचा आणि त्यावरून अश्वशक्ती काढायची. डीसी-6बीच्या आर-2800 इंजिनासाठी बीएमईपीला इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून 283 ने भागले की अश्वशक्ती मिळते. कॉन्स्टेलेशनच्या आर-3350 साठी भाजक 236 च्या आसपास. उदाहरणार्थ 2,100 फेरे आणि 148 बीएमईपी म्हणजे 1,100 अश्वशक्ती.

चौइंजिनी यांनी शक्ती तक्त्याप्रमाणे ठेवल्याचे लिहिले आहे, पण 22,000 फुटांवर सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) कोणत्या वेगावर होता? खालच्या वेगावर असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडूनही तक्त्यातील अश्वशक्ती तेथे मिळणार नाही. काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या हवेच्या झडपा) उघडे राहिले असतील तर तेही ओढ वाढवून वेग खाणार. यापैकी काहीही झाले तरी वेग कमी पडतो आणि त्याची भरपाई नाक वर करून होते.

फावल्या_वेळेतला_वैमानिक

गणितापुढे माझी हरकत बरीच लहान झाली आहे, तरी ती पूर्ण मागे घेत नाही. वजन आणि वेग बरोबर ठेवूनही दोन अंश चुकणारी मॉडेले मी पाहिली आहेत. आपल्या शंकेचे निरसन वेग आणि वजन सुधारून झाले तर ठीक, पण प्रत्येक तक्रारीवर हेच उत्तर दिले तर मॉडेल करणारे कधीच काही दुरुस्त करणार नाहीत. एका फुकट मिळालेल्या डीसी-4 मध्ये तर नाक बरोबर दिसावे म्हणून लिफ्टचा आलेखच सरकवला होता, आणि त्यापायी स्टॉलचा (पंखाची लिफ्ट कोसळण्याचा) वेग तक्त्यापासून भलतीकडे गेला होता.

त्रैराशिक

येथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि स्केलर वाढवू नये असे मी म्हणतो तेही याच कारणासाठी. नाक एक अंश खाली आणायला लिफ्ट वाढवली की उतरण्याचा वेग, तरंगण्याचे अंतर आणि स्टॉल हे सगळे बदलते. पंख बसवण्याचा कोन आणि लिफ्टचा आलेख या वेगळ्या गोष्टी आहेत. चूक जेथे असेल तेथेच हात घालावा.

सोनेगाव_टॉवर

अवांतर होत आहे याची जाणीव ठेवून विचारतो: व्हायकाउंट या प्रवासी विमानाचा अनुभव कोणाला आहे का? 1957 पासून इंडियन एअरलाइन्सकडे ती होती. टर्बोप्रॉप असल्याने ती वर जाऊन वेगाने चालत, तेव्हा तेथे नाकाचा प्रश्न कमी येत असावा.

बोगमाळो

व्हायकाउंटसाठी वेगळा धागा काढावा, मी नक्की लिहीन. तेथे इंजिनांच्या आवाजावरच शंभर प्रतिसाद होतील.

चौइंजिनी

सुचवल्याप्रमाणे पुन्हा उड्डाण केले. या वेळी इंधन प्रवासापुरते आणि राखीव एवढेच घेतले, उंची 16,000 फूट ठेवली, क्रूझचा वेग येईपर्यंत चढाईची शक्ती कमी केली नाही आणि काउल फ्लॅप वेळेवर बंद केले. 90,000 पौंड वजनाला 188 नॉट वेग मिळाला आणि पिचचा आकडा एका अंशाच्या किंचित खाली स्थिरावला. स्केलर मूळचा तसाच ठेवला आहे. वजन पुरेसे उतरल्यावर 20,000 वर गेलो तेव्हाही आकडा सव्वा अंशाच्या पुढे गेला नाही.

आता एकच गोष्ट खटकते. पडद्यावरील आकडा एक अंशाखाली असताना बाहेरच्या दृश्यात खिडक्यांची रांग मात्र दोन-अडीच अंश चढती दिसते. मीनाक्षी_डी यांनी सांगितल्याप्रमाणे कॅमेरा दूर नेऊन आणि झूम वाढवूनच हे मोजले आहे.

भूचर

ट्रॉली आता जागेवर थांबते का, एवढे कृपया कळवावे.

हँगर_नंबर_दोन

ही चूक मॉडेलची असण्याची शक्यता दाट आहे, त्यामुळे फावल्या_वेळेतला_वैमानिक यांनी समाधान मानायला हरकत नाही. फ्लाइट मॉडेलची रेषा आणि 3डी मॉडेलची रेषा यांत दीड अंशाचा फरक राहिला असावा. खात्री करण्यासाठी विमान हवेत पॉझ करा, पिचचा आकडा बरोबर शून्यावर असेल असा क्षण पकडा आणि बाजूने चित्र घ्या. डीसी-6चे धड मधे सरळ असल्याने त्या क्षणी खिडक्यांची रांग क्षितिजाला समांतर असायला हवी. नसेल तर जो कोन दिसेल तोच फरक. तो दोन-तीन वेगवेगळ्या वजनांना आणि वेगांना सारखाच आला, तर दोष केवळ दिसण्याचा आहे, उडण्याचा नाही. बनवणाऱ्यांना ती चित्रे पाठवा आणि फ्लाइट मॉडेलच्या फाइलला हात लावू नका. वेगाप्रमाणे फरक बदलत गेला, तर आकडे येथे द्यावेत, मग त्रैराशिक यांना पुन्हा कामाला लावू.